कॉर्डलेस टूल्सने कॉपर पाइपची तयारी: कापण्यापासून फ्लेअरपर्यंत

स्प्लिट एसीच्या जोडणीत गॅस गळतो तो बहुतेक वेळा फ्लेअरच्या, म्हणजे पाइपचं तोंड फनेलसारखं पसरवून नटाने आवळलेल्या सांध्यातून. आणि फ्लेअर बिघडतो तो बहुतेक वेळा फ्लेअरिंग टूल हातात घेण्याआधीच, म्हणजे पाइप कापताना आणि त्याचं तोंड साफ करताना. बॅटरीवरची टूल्स आल्यापासून हे काम खूप सोपं झालं आहे. शिडीवर उभं राहून दांडा फिरवत बसावं लागत नाही, दिवसातला शेवटचा फ्लेअरही पहिल्यासारखाच निघतो, मनगटाला आराम मिळतो. पण मोटर फक्त जोर लावते. पाइप सरळ कापला गेला आहे का, तोंड गोल आहे का, आत कीस पडला आहे का, हे तिला कळत नाही. वाकड्या कापलेल्या पाइपवर ती तितक्याच जोमाने वाकडा फ्लेअर काढून देते. म्हणून या लेखात टूलचं बटण दाबण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

आधी कोणतं टूल घ्यावं

सगळा संच एकदम घ्यायची गरज नाही. पहिला पैसा फ्लेअरिंग टूलवर घालावा, कारण हातातल्या जोराचा फरक सगळ्यात जास्त तिथे पडतो. हाताने फ्लेअर काढताना कोन, म्हणजे तोंड पसरवणारा शंकूसारखा तुकडा, किती दाबायचा हे अंदाजावर असतं. बॅटरीच्या टूलमध्ये ठरलेला दाब आला की मोटर स्वतःच थांबते आणि उलटी फिरून कोन मागे घेते.

दुसरा क्रमांक एक्स्पांडरचा, म्हणजे पाइपचं तोंड फुगवणाऱ्या टूलचा, तोही ब्रेझिंगचं (ज्वालेने धातू वितळवून पाइप जोडण्याचं) काम भरपूर असेल तर. बॅटरीवरचा कटर लहान पाइपसाठी चैनच आहे. पाव इंची किंवा तीन सुती (तीन अष्टमांश इंची) पाइपला हातातला चांगला कटर पुरतो. जाड, कडक, मोठ्या व्यासाचे पाइप रोज कापावे लागत असतील, किंवा भिंतीला चिकटून गेलेला पाइप जागेवरच कापायचा असेल आणि हात फिरवायला जागा नसेल, तर मात्र कॉर्डलेस कटर खरा उपयोगी पडतो. त्याचं डोकं पाइपला पकडून ठेवतं आणि चाक आतल्या आत फिरतं.

एक गोष्ट घेण्याआधी बघा: तुमच्याकडे ज्या बॅटरीचं ड्रिल आहे, तीच बॅटरी या टूलला चालते का. 12 व्होल्ट आणि 18 व्होल्ट असे दोन प्रकार सर्रास दिसतात. एकाच प्रकारच्या बॅटऱ्या असल्या की शिडीवर असताना बॅटरी संपली तरी काम अडत नाही.

पाइप निवडणं आणि उलगडणं

फ्लेअरसाठी मऊ, म्हणजे अॅनील केलेला पाइप लागतो. कडक सरळ लांबीचा पाइप ब्रेझिंगसाठी आणि प्रेस फिटिंगसाठी (टूलने दाबून बसवायच्या जोडासाठी) ठीक, पण फ्लेअर करायला गेलं तर कड फाटते. एसीतल्या R-410A आणि R-32 या गॅसचा दाब जुन्या R-22 पेक्षा साधारण 60 टक्के जास्त असतो, त्यामुळे पाइपची जाडी महत्त्वाची. पाव, तीन अष्टमांश आणि अर्धा इंच पाइपला किमान 0.8 मिलिमीटर आणि पाच अष्टमांशला 1 मिलिमीटर जाडी हवी. बाजारात याहून पातळ पाइपही मिळतो आणि नुसतं बघून फरक कळत नाही. व्हर्निअर कॅलिपर लावून मोजा.

गुंडाळी सोडताना पाइप स्प्रिंगसारखा ओढू नका. सपाट जागेवर एक टोक पायाने किंवा हाताने धरून गुंडाळी पुढे लोळवत न्या, म्हणजे पाइप सरळ उलगडतो आणि चेपत नाही. जेवढा पाइप लागेल तेवढाच सोडा. उरलेल्याच्या दोन्ही तोंडांना लगेच टोपी लावा. उघड्या पाइपमध्ये दमट हवा शिरते, आणि या गॅसबरोबर चालणारं कॉम्प्रेसरचं पीओई तेल पाणी झपाट्याने शोषतं.

माप घेताना दोन्ही टोकांना थोडी जास्तीची लांबी ठेवा. एखादा फ्लेअर बिघडला तर कापून पुन्हा काढायला दोन-तीन सेंटिमीटर हाताशी असले पाहिजेत. माप अगदी नेमकं असलं की बिघडलेला फ्लेअरही चालवून घ्यायचा मोह होतो.

वाक द्यायचा असेल तर तो फ्लेअर काढण्याआधी द्या, आणि टोकाजवळ सरळ तुकडा ठेवा. वाकाची त्रिज्या पाइपच्या बाहेरच्या व्यासाच्या किमान तीन-चार पट असू द्या. वाक टोकाला फार जवळ आला तर टूलच्या डायमध्ये (पाइप पकडणाऱ्या साच्यात) पाइप सरळ बसत नाही आणि नटही मागे सरकत नाही.

कापणं

कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना वीतभर तरी पाइप सरळ असावा. गुंडाळीचा बाक तसाच राहिला तर चाक तिरकं चालतं. चाक खुणेवर आणून आधी एकच फेरा हलक्या दाबाने फिरवा आणि रेघ बघा. रेघ जिथून निघाली तिथेच परत येऊन मिळाली तर पुढे जा. स्क्रूच्या आट्यासारखी पुढे सरकत गेली तर चाक ढिलं झालं आहे, बोथट झालं आहे किंवा पाइप वाकडा आहे. तसंच रेटून कापत गेलात तर तोंड तिरकं होईल, आणि पुढे फ्लेअरची एक बाजू रुंद, दुसरी अरुंद निघेल.

कॉर्डलेस कटरमध्ये दाब टूल स्वतः ठरवतं, त्यामुळे इथे तुमच्या हातात दोनच गोष्टी उरतात: टूल पाइपला काटकोनात धरणं आणि चाक धारदार ठेवणं. बोथट चाकाने पाइप कापला जाण्याऐवजी आत दाबला जातो, तोंड अरुंद होतं आणि आतला कंगोरा जाड होतो. तांब्यासाठीचं चाक स्टीलच्या पाइपवर वापरू नका. शेवटच्या फेऱ्यांत सुटणारं टोक हाताने पेलून धरा, नाहीतर ते स्वतःच्या वजनाने लोंबतं आणि तोंडाला चेप पडतो.

हॅक्सॉ ब्लेडने पाइप कापू नका. कितीही घाई असली तरी नाही. त्याचा कीस पाइपच्या आत जातो आणि तो सगळा बाहेर काढणं जवळजवळ अशक्य असतं.

तोंड साफ करणं

हा टप्पा अर्ध्या मिनिटाचा आहे, आणि पुढच्या सगळ्या जोडणीचं भवितव्य यावर ठरतं.

चाकाने कापलेल्या पाइपच्या आतल्या कडेला एक बारीक, धारदार कंगोरा उरतो, त्याला आपण बर म्हणतो. तो तसाच ठेवून फ्लेअर काढला तर कोनाखाली दुमडला जातो आणि फ्लेअरच्या तोंडावर, नेमका जिथे सांधा बसायचा तिथे, एक वळ उमटतो. नट कितीही आवळा, त्या वळाखालून गॅस वाट काढतो.

पाइपचं तोंड खाली करून धरा. मग बर काढणारा बॅटरीवरचा डीबरर किंवा ड्रिलला लावलेला रीमर खालून वर न्या आणि हलका टेकवा. दोन-तीन सेकंद पुरतात. कीस खाली पडला पाहिजे, आत जाता कामा नये. आत गेलेला एक कणसुद्धा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत किंवा कॅपिलरीत अडकू शकतो, कॉम्प्रेसरच्या घासणाऱ्या भागांत जाऊ शकतो. भिंतीतून आलेला पाइप वर तोंड करून असेल तर तो हलकेच वाकवून तोंड खाली आणा. तेही जमत नसेल तर दुसऱ्या टोकाकडून नायट्रोजनचा अगदी मंद झोत सोडा, म्हणजे कीस बाहेर उडतो. अशा वेळी डोळ्यांवर चष्मा हवाच.

कॉर्डलेस डीबररचा धोका उलट बाजूचा आहे. हाताने रीमर फिरवताना आपण कंटाळून लवकर थांबतो. मोटर थांबत नाही. जास्त खरवडलं की पाइपची कड सुरीसारखी पातळ होते, आणि अशी कड फ्लेअर होताना तडकते. आतून बोट फिरवून बघू नका, कापेल. तोंड उजेडाकडे धरा: कडेची रुंदी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, आणि पाइपची जाडी जवळपास पूर्ण शिल्लक असली पाहिजे. आतून बाहेरच्या दिशेने नख हलकेच ओढलं तर ते अडता कामा नये.

बाहेरच्या कडेलाही एकदा हलका हात मारा. मग कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. तोंडाने फुंकर मारू नका, श्वासातली वाफ पाइपमध्ये जाते.

नट घाला

आता फ्लेअर नट पाइपवर सरकवा, आटे तोंडाच्या बाजूला. फ्लेअर झाल्यावर नट आत जात नाही, आणि मग चांगला फ्लेअर कापून टाकावा लागतो. युनिटबरोबर आलेलाच नट वापरा. R-410A आणि R-32 च्या युनिटला अर्धा इंच आणि पाच अष्टमांशचे नट R-22 च्या नटापेक्षा मोठे असतात: अर्ध्या इंचाला 24 ऐवजी 26 मिलिमीटरचा पाना लागतो, पाच अष्टमांशला 27 ऐवजी 29 चा. जुन्या कामातला खिशात उरलेला नट आट्यांवर बसतो, पण मोठ्या फ्लेअरला पाठीमागून पूर्ण आधार देत नाही.

फ्लेअर काढणं

डाय पाइपच्या मापाचीच असली पाहिजे. इंची आणि मेट्रिक मापं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की गफलत सहज होते: 6.35 आणि 6, 9.52 आणि 10, 12.7 आणि 12, 15.88 आणि 16 मिलिमीटर. चुकीच्या डायमध्ये पाइप एकतर घसरतो किंवा चेपतो. एसीच्या कामात फ्लेअर 45 अंशांचा असतो. हायड्रॉलिक फिटिंगचा 37 अंशांचा फ्लेअर इथे चालत नाही.

डाय आणि कोन पुसून घ्या. कोनावर रेफ्रिजरेशन तेलाचा एक थेंब लावा. पाइप डायमध्ये घालून टूलच्या स्टॉपरला टेकेपर्यंत पुढे आणा आणि मगच आवळा. पाइप डायच्या किती बाहेर ठेवायचा यावर फ्लेअरचा आकार ठरतो. क्लचच्या (ठरलेल्या दाबाला आपोआप सुटणाऱ्या) टूलला R-410A साठी साधारण 0 ते 0.5 मिलिमीटर, जुन्या पद्धतीच्या हातटूलला 1 ते 1.5 मिलिमीटर. बॅटरीच्या टूलला स्टॉपर दिलेलाच असतो. त्यावर विश्वास ठेवा, जुन्या सवयीने जास्तीचा पाइप बाहेर काढू नका.

बटण दाबल्यावर टूल हलू देऊ नका आणि पाइपवर बाजूने वजन येऊ देऊ नका. लांब पाइप असेल तर मागची बाजू कोणीतरी धरावी. मोटरचा आवाज जड होईल, मग बदलेल, मग कोन मागे येईल. हे पूर्ण होईपर्यंत थांबा. दाब पूर्ण झाल्यावरही कोन थोडा फिरत राहतो, त्यामुळे फ्लेअरचं तोंड घासून गुळगुळीत होतं. मध्येच थांबवलं तर तेवढंच राहून जातं. नवीन टूल आणलं की आधी टाकाऊ तुकड्यांवर प्रत्येक मापाचे फ्लेअर काढून मोजा. गिऱ्हाइकाच्या भिंतीतल्या पाइपवर पहिला प्रयोग नको.

फ्लेअर झाल्यावर कॅलिपरने बाहेरचा व्यास मोजा. R-410A आणि R-32 साठी मापं अशी, मिलिमीटरमध्ये:

- पाव इंच: 8.7 ते 9.1
- तीन अष्टमांश: 12.8 ते 13.2
- अर्धा इंच: 16.2 ते 16.6
- पाच अष्टमांश: 19.3 ते 19.7
- पाऊण इंच: 23.6 ते 24.0

मग डोळ्यांनी तपासा. चांगल्या फ्लेअरचं आतलं तोंड आरशासारखं चमकतं, कडेची रुंदी सगळीकडून सारखी असते, आणि नट पुढे आणला की फ्लेअर त्याच्या आत न घासता बसतो. एक बाजू रुंद असेल तर पाइप तिरका कापला गेला होता किंवा डायमध्ये तिरका बसला होता. कडेला तडा असेल तर पाइप कडक आहे किंवा कड जास्त खरवडली गेली. तोंडावर गोल ओरखडा असेल तर कोनावर कीस चिकटला आहे. नेहमीपेक्षा लहान निघाला तर पाइप डायमध्ये मागे घसरला किंवा बॅटरी उतरली.

दोष काहीही असो, उपाय एकच: कापा आणि पुन्हा काढा. बिघडलेला फ्लेअर परत टूलमध्ये घालून दाबू नका. एकदा ताणलेलं तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा ताणलं की फाटतं, आणि कधी कधी ती भेग इतकी बारीक असते की महिन्याभराने गॅस कमी झाल्यावरच कळते.

आवळणं

फ्लेअरच्या आतल्या तोंडाला आणि पाठीला तेलाचा थेंब लावा. आट्यांना तेल लावू नका. पाइप आणि युनियन (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा तुकडा) एका रेषेत धरून नट हाताने तीन-चार आटे फिरवा. हाताने फिरत नसेल तर तिरका चढतो आहे. पुढे दोन पाने: एकाने युनियन धरा, दुसरा टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा. पाव इंचाला 14 ते 18 न्यूटन-मीटर, तीन अष्टमांशला 34 ते 42, अर्ध्या इंचाला 49 ते 61, पाच अष्टमांशला 68 ते 82, पाऊण इंचाला 100 ते 120. युनिटच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

पिशवीत बॅटरीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर असतोच, पण फ्लेअर नटावर त्याला हात लावू नका. त्याचे ठोके फ्लेअर पातळ करतात आणि नटाला तडा पाडतात.

एक्स्पांडर आणि प्रेस टूल

दोन पाइप ब्रेझिंगने जोडायचे तर एकाचं तोंड फुगवून दुसरा त्यात घालता येतो. कपलिंग लागत नाही आणि दोन सांध्यांऐवजी एकच होतो. बॅटरीच्या एक्स्पांडरचं डोकं पाकळ्यांसारखं उघडतं. पाइप पूर्ण आत घाला, एकदा दाबा, मग थोडा फिरवून पुन्हा दाबा, म्हणजे पाकळ्यांच्या रेघा राहत नाहीत. फुगवलेल्या भागाची खोली साधारण पाइपच्या व्यासाइतकी ठेवा. आतला पाइप हाताने सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. फट फार मोठी झाली तर ब्रेझिंगचा धातू ती नीट भरत नाही. कडक पाइप फुगवायचा असेल तर आधी टोक तापवून मऊ करावं लागतं. ड्रिलला लावून फिरवायचे स्वेजिंग बिटही मिळतात. ते घर्षणाने पाइप फुगवतात, त्यामुळे टोक चांगलंच तापतं, आणि पाइप घट्ट धरलेला नसेल तर तो ड्रिलबरोबर फिरतो. ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजनचा मंद प्रवाह चालू ठेवा, नाहीतर आत काळी पापडी धरते.

प्रेस फिटिंगमध्ये ज्वाला लागत नाही, ही मोठी सोय आहे. पण फिटिंग आणि जबडे दोन्ही रेफ्रिजरेशनसाठीचेच हवेत. नळकामाची फिटिंग या दाबाला टिकत नाहीत. पाइपवर उभा ओरखडा असेल तर त्याखालून गळती होते, आणि पाइप किती आत गेला याची खूण आधीच मार्करने करून घ्यावी लागते.

बॅटरी आणि सुरक्षितता

उतरत आलेल्या बॅटरीवर फ्लेअर सुरू करू नका. अर्ध्यात थांबला तर तो फ्लेअर गेलाच. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, आणि उन्हात बंद गाडीत ठेवू नये. ब्रेझिंग चालू असताना टूल आणि बॅटरी ज्वालेपासून लांब.

R-32 सौम्य ज्वलनशील आहे, R-290 म्हणजे प्रोपेन तर चांगलाच पेटतो. चालू युनिटचा पाइप कापायचा असेल तर आधी गॅस रिकव्हर करा, म्हणजे सिलिंडरमध्ये काढून घ्या, खिडक्या उघडा, डिटेक्टर लावा. बॅटरीच्या टूलच्या स्विचमध्ये आणि कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये ठिणगी पडते, आणि साचलेल्या गॅसला तेवढी पुरते. फिरणाऱ्या रीमरजवळ किंवा कटरजवळ सैल हातमोजे, लोंबती बाही नको.

तपासणी

जोडणी झाली की कोरड्या नायट्रोजनने दाब द्या. ऑक्सिजन चुकूनही वापरू नका, तेलाशी संपर्क आल्यावर स्फोट होतो. दाब एकदम न चढवता टप्प्याटप्प्याने न्या: आधी 0.5 मेगापास्कल, मग 1.5, मग युनिटच्या पुस्तिकेत दिलेला अंतिम दाब. R-410A च्या बऱ्याच युनिटला तो 4.15 असतो. प्रत्येक टप्प्यावर थांबून काटा बघा. रात्रभर ठेवलंत तर तापमानही टिपून ठेवा. एका अंशाच्या फरकाने दाब साधारण 0.01 मेगापास्कलने बदलतो. प्रत्येक फ्लेअरला बुडबुड्यांचं द्रावण लावा आणि दोन मिनिटं थांबून बघा, कारण बारीक गळतीचा बुडबुडा हळू उठतो. सगळं धरलं की नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम 500 मायक्रॉनखाली (मायक्रॉन हे व्हॅक्यूम मोजायचं एकक) न्या, पंप बंद करा आणि आकडा चढतो का ते पाहा.

एखाद्या फ्लेअरवर बुडबुडे दिसले तर टॉर्क पान्याने एकदा तपासा. आकडा बरोबर असूनही गळत असेल तर आणखी आवळू नका. दाब सोडा, नट उघडा, फ्लेअरचं तोंड उजेडात बघा, आणि ठेवलेल्या जास्तीच्या लांबीतून कापून पुन्हा काढा.